गृहस्थाची हत्यारपेटी

२०२३ सालच्या मार्गशीर्षांत माझ्या पुतण्यानें पुण्यास नवें घर घेतलें. मुहूर्त उत्तम पाहिला होता. वास्तुशांत यथासांग झाली, आग्नेय कोपऱ्यांतील फरशीखालीं वास्तुपुरुषाची प्रतिमा निक्षेपिली गेली, आप्तेष्ट जेवून तृप्त झाले. घरांत पुतण्या, सूनबाई, त्यांचीं दोन मुलें आणि अठ्ठ्याहत्तरी गांठलेल्या आमच्या वहिनी. समारंभासाठीं मी वाईहून गेलों होतों, तो सर्वांच्या आग्रहास्तव चार दिवस राहिलों.

तिसऱ्या रात्रीं दोनच्या सुमारास पाण्याच्या आवाजानें जाग आली. स्नानगृहांतील बेसिनाखालीं जी लवचिक नळी असते, ती तोंडाशीं निसटली होती आणि पाणी जोरानें उसळत होतें. त्या नळीच्या मुळाशीं भिंतींत एक लहानशी तोटी असते. ती बंद केली कीं पाणी थांबतें, एवढें सूनबाईंना ठाऊक होतें. परंतु घर बांधून झाल्यापासून दीड-दोन वर्षें त्या तोटीला कोणाचा हात लागला नव्हता, त्यामुळें ती जागची हालेना. पुतण्याचे हात ओले, तोटी गुळगुळीत. घरांत पाना नव्हता, पक्कड नव्हती. मग संबंध घराचें पाणी बंद करणारी मुख्य चावी कोठें आहे, हा प्रश्न निघाला, आणि आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलों. वास्तुपुरुष कोणत्या कोपऱ्यांत निजला आहे, हें घरांतील लहान मुलासही सांगतां आलें असतें. पाण्याची चावी कोठें आहे, हें एकाही प्रौढ माणसास सांगतां येईना.

शेवटीं खालचा रखवालदार आपली पक्कड घेऊन आला आणि त्यानें अर्ध्या मिनिटांत तोटी फिरवून पाणी थांबविलें. पण तोंवर व्हावयाचें तें होऊन गेलें होतें. गडबड ऐकून वहिनी अंधारांत उठून बाहेर आल्या, ओल्या फरशीवर त्यांचा पाय घसरला, आणि खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया झाली, तीन महिन्यांनीं त्या काठी टेकून चालूं लागल्या. पूर्वीचें चालणें मात्र गेलें तें गेलेंच. जन्माची पुंजी ओतून घेतलेल्या घरांत एक साधा पाना नव्हता, त्याची ही किंमत.

हा दोष एकट्या पुतण्याचा आहे, असें मी मानीत नाहीं. मी त्या रात्रीं तेथेंच होतों, वयानें वडील होतों, आणि मीं काय केलें म्हणाल, तर बादल्या भरून ओतल्या. पस्तीस वर्षें मीं शाळेंत संस्कृत शिकविलें. लहानपणीं वडिलांनीं अमरकोश पाठ करून घेतला होता. त्याच्या शूद्रवर्गांत कारागिरांच्या हत्यारांचीं नांवें आहेत. क्रकच, करपत्र, टंक, आरा हीं मला अजून न अडखळतां म्हणतां येतात. आपली करवत ही त्या करपत्राचीच लेक, ओळंबा हा अवलंबाचा वंशज, आणि स्वयंपाकघरांतील सांडशी ही संदंशाच्या कुळांतली, हें मीं मुलांना कितीदां तरी मोठ्या उत्साहानें सांगितलें आहे. मात्र करवत हातांत धरून एक फळी कापण्याचा प्रसंग मीं साठी उलटेपर्यंत स्वतःवर येऊं दिला नाहीं. नांवें आपल्याकडे आणि वस्तु दुसऱ्याकडे, अशी ही वांटणी आपल्यासारख्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, आणि तिलाच आपण विद्या म्हणत आलों.

जुन्या काळीं ती निभावून गेली, याला कारण होतें. वाड्यांत दार अडलें, खाट मोडली, तर गांवचा सुतार येई. त्याचें आणि घराचें नातें पिढीजात असे, आणि सुगीला त्याच्या घरीं धान्य जाई. शिवाय जुनें घर उघडें होतें. पाणी आडांतून काढलें जाई, दिवा तेलाचा असे, तुळई डोळ्यांसमोर दिसे. काय बिघडलें हें पाहणाऱ्यास कळत असे. आजच्या घरांत पाणी भिंतींत, वीज भिंतींत, सारें झांकलेलें. कारागिरास बोलवावें तर तो उद्यां येतों म्हणतो, आणि नळी रात्रीं दोन वाजतां निसटते. म्हणून कारागीर येईपर्यंतचा वेळ निभावून नेण्याइतकीं हत्यारें, आणि तीं चालविण्याइतकें ज्ञान, प्रत्येक नव्या गृहस्थाच्या घरांत असलेंच पाहिजे.

वाईस परतल्यावर मी एका सुताराकडे गेलों. तो माझाच जुना विद्यार्थी. शब्द चालवितां येत नाहींत म्हणून मीं त्याला पुष्कळदां बाकावर उभें केलें होतें. ‘मला हत्यारें धरायला शिकव’ असें त्याला सांगतांना मला अवघड वाटलें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. तो हंसला नाहीं. चार रविवार त्यानें मला आपल्या दुकानांत बसवून घेतलें. पुढें जें लिहीत आहें, त्यांतील बरेंचसें त्याच्यापासून घेतलेलें आहे.

पहिली गोष्ट हत्यारांच्याही आधींची. गृहप्रवेशाच्या दिवशींच पाण्याची मुख्य चावी, प्रत्येक स्नानगृहाची तोटी आणि विजेची मुख्य कळ कोठें आहे, हें घरांतील सर्वांनीं प्रत्यक्ष हात लावून पाहावें, आणि तें कागदावर लिहून एखाद्या कपाटाच्या दाराला आंतून चिकटवावें. तोट्या तीन महिन्यांतून एकदां पूर्ण बंद करून पुन्हां उघडाव्या. पाण्यांतील क्षार आंत सांठून त्या जखडतात. फिरत्या राहिल्या तर जखडत नाहींत. विजेच्या फळीवर हल्लीं पुष्कळ घरांत एक गळतीरक्षक यंत्र असतें. विजेचा प्रवाह वाट चुकून माणसाच्या अंगांतून जमिनीकडे जाऊं लागला, आणि तो ३० मिलिअँपिअरपर्यंत पोहोंचला, कीं तें क्षणार्धांत वीज तोडतें. त्यावर चाचणीची एक लहान कळ असते. ती महिन्यांतून एकदां दाबावी. वीज तुटली तर रक्षक जागा आहे. न तुटली तर त्याच दिवशीं जाणत्या माणसास बोलवावें.

आतां हत्यारें. पहिला मान पान्याचा. जबडा कमीजास्त करतां येतो असा दहा इंची पाना घरगुती कामास पुरतो. त्याचा एक जबडा स्थिर आणि एक सरकता असतो. नट जबड्यांत घट्ट बसवून घ्यावा, आणि जोर स्थिर जबड्यावर पडेल अशा बाजूनें पाना ओढावा. उलट धरला तर सरकता जबडा ढिला होतो आणि नटाचे कोपरे झिजतात. पान्याच्या शेजारीं पक्कड हवी, मुठींना विद्युत्‌रोधक वेष्टण असलेली. तार वांकविणें, खिळा उपटणें, अडलेली तोटी कापड गुंडाळून फिरविणें, हीं पक्कडीचीं कामें. नट मात्र पक्कडीनें कधीं फिरवूं नये.

नळाच्या सामानाविषयीं एक गंमत सांगण्यासारखी आहे. आपण ‘अर्ध्या इंचाचा नळ’ म्हणतों, पण त्याचे आटे बाहेरून मोजले तर सुमारे २१ मिलिमीटर भरतात, म्हणजे अर्ध्या इंचाहून कितीतरी अधिक. तें अर्धा इंच नांव मूळच्या लोखंडी नळाच्या आंतल्या पोकळीवरून पडलेलें आहे. म्हणून दुकानीं जातांना पट्टीनें मोजून आंकडा सांगूं नये. जुना भागच खिशांत घालून न्यावा. आट्यांतून पाणी झिरपूं नये म्हणून पूर्वी ताग आणि सफेदा लावीत. आतां पांढरी टेफ्लॉनची पट्टी मिळते. आट्यांचें टोंक आपल्याकडे करून ती पट्टी प्रदक्षिणेच्या दिशेनें ताणून गुंडाळावी. उलट गुंडाळली तर नळ बसवितांना ती उलगडून बाहेर येते.

प्रदक्षिणेचा हाच नियम पेचकसालाही लागू आहे. स्क्रू प्रदक्षिणेच्या दिशेनें फिरविला कीं आवळतो, उलट फिरविला कीं सुटतो. पेचकस निदान दोन हवे: एक सपाट तोंडाचा, एक फुलीच्या तोंडाचा. फुलीचा घेतांना दोन क्रमांकाचा घ्यावा. घरांतील बहुतेक स्क्रूंना तोच बसतो. पेचकसाचें तोंड स्क्रूच्या खांचेंत गच्च बसलें पाहिजे, आणि फिरवितांना वरून दाब पाहिजे. लहान पेचकसानें मोठा स्क्रू फिरवूं गेल्यास खांच खरडली जाते, आणि मग तो स्क्रू ना आंत जातो ना बाहेर येतो. लांकडांत स्क्रू जड जात असेल तर त्याला थोडा साबण लावावा. ही युक्ति मला ठाऊक नव्हती. आमच्या आईला होती, हें मागाहून कळलें. देव्हाऱ्याच्या बिजागऱ्या तीच बसवीत असे, आणि आम्ही कधीं विचारलें नाहीं म्हणून तिनें कधीं सांगितलें नाहीं.

तिसरें हत्यार टेस्टर. आपल्या घरांतील वीज २३० व्होल्टांची असते, आणि तिच्याशीं पाठांतराच्या जोरावर बोलतां येत नाहीं. टेस्टरच्या पोटांत लहानसा निऑनचा दिवा आणि प्रवाह अत्यल्प करणारा रोधक असतो. मागच्या टोंकास बोट लाविलें असतां जिवंत तारेवर तो दिवा लागतो. पण दिवा लागला नाहीं म्हणजे वीज नाहीं, असें समजण्यांत घात आहे. टेस्टरच बिघडलेला असूं शकतो, किंवा उजेडांत दिवा दिसत नाहीं. म्हणून आधीं चालू असलेल्या ठिकाणीं तो लावून पाहावा, मग हव्या त्या ठिकाणीं लावावा. आणि दिवा लागो न लागो, कामास हात घालण्यापूर्वीं मुख्य कळ बंद करावी.

चौथी हातोडी. डोकें सुमारें अर्धा किलो वजनाचें आणि मागें खिळा उपटण्याची नखी असलेली पुरे. दांडा बाभळीचा असला तर चिवट. डोकें ढिलें झालें असेल तर त्या हातोडीनें काम करूं नये. दांड्यांत नवी पाचर ठोकून घ्यावी, कारण निसटलेलें डोकें कोणाच्या डोक्यांत जाईल हें सांगतां येत नाहीं. पहिल्याच रविवारीं मी दांडा अगदीं डोक्यापाशीं धरून ठोकूं लागलों, तेव्हां माझा शिष्य म्हणाला, ‘गुरुजी, हातोडीचा गळा धरायचा नसतो. शेवटाला धरा, वजनालाच काम करूं द्या.’ लहान खिळा बोटांत धरण्याऐवजीं जुन्या कंगव्याच्या दांत्यांत धरावा, म्हणजे बोटें वांचतात. फळीच्या कडेशीं खिळा मारावयाचा असेल, तर आधीं त्याच्या टोंकावर हलकासा घाव घालून तें बोथट करावें. तीक्ष्ण टोंक लांकडाचे तंतू बाजूस सारीत जातें आणि फळी चिरते; बोथट टोंक ते तोडीत आंत जातें.

पांचवी जोडी टेप आणि ओळंबा यांची. पोलादी टेपच्या टोंकाची आंकडी किंचित् हालते, म्हणून मीं एक टेप दुकानदाराला परत देऊं केली होती. तो दोष नव्हे. आंकडी कडेला अडकवून मोजतांना ती आपल्या जाडीइतकी बाहेर सरकते, भिंतीला टेंकवून मोजतांना तितकीच आंत जाते, आणि दोन्ही मापें बरोबर येतात. उभी रेघ सरळ आहे कीं नाहीं हें ओळंबा सांगतो. आडवी रेघ बुडबुड्याची लेव्हल सांगते. ती नसेल तर पारदर्शक नळींत पाणी भरून दोन टोंकें दोन जागीं धरावीं. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीस उभें राहतें. छताकडे किंवा फरशीकडे पाहून अंदाज बांधूं नये. नव्या घराचीं छतें आणि फरशा सरळ असतातच असें नाहीं.

भोंकें पाडण्याचें विजेचें यंत्र मी मुद्दाम शेवटीं घेतलें आहे. तें प्रत्येक घरांत पाहिजेच असें नाहीं. मजल्यावरील चार घरांनीं मिळून एक घेतलें तरी चालतें. भिंतीच्या भोंकांत बसविण्याची जी गुल्ली आपण वापरतों, तिचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें भिंतींची नासधूस न करतां दिव्यांचें सामान बसवावयाचें होतें. त्या कामांतून जॉन जोसेफ रॉलिंग्ज या कंत्राटदारास १९११ च्या सुमारास ही गुल्ली सुचली. आरंभीं ती तागाच्या धाग्यांची असे, आतां प्लॅस्टिकची असते. स्क्रू आंत जातांना गुल्ली फुगते आणि भिंतीला घट्ट धरते. म्हणून भोंक, गुल्ली आणि स्क्रू या तिघांचीं मापें जुळलीं पाहिजेत. पुष्कळशा नव्या इमारतींच्या भिंती विटांच्या नसून हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांच्या असतात. तेथें यंत्राचा ठोके देणारा भाग बंद ठेवावा, नाहींतर भोंक भलतें मोठें होतें. आणि गुल्लीही त्या ठोकळ्यांसाठीं मिळते तीच घ्यावी. विजेच्या कळीच्या किंवा नळाच्या नेमकें वर, खालीं अथवा बाजूच्या सरळ रेषेंत भोंक कधीं पाडूं नये. तारा आणि नळ बहुधा त्याच रेषांतून गेलेले असतात. खांबांत व तुळईंत तर यंत्र घालूंच नये. डोळ्यांवर चष्मा असावा.

याखेरीज लोखंड कापण्याची लहान करवत, एक कानस, विजेची चिकटपट्टी, बॅटरी, शिवणयंत्राच्या तेलाची बुधली आणि न डगमगणारी शिडी एवढें असलें कीं पेटी पुरी झाली. पावसाळ्याच्या आधीं सर्व हत्यारें तेलाच्या चिंधीनें पुसावीं. एवढ्या सगळ्याला मिळून एखाद्या लग्नांतील आहेराइतकाही खर्च येत नाहीं.

जें करावें तें सांगितलें. जें करूं नये तेंही सांगितलें पाहिजे. स्वयंपाकाच्या गॅसच्या टाकीला किंवा तिच्यावरील नियंत्रकाला पाना लावूं नये. वास आला तर खिडक्या उघडाव्या, टाकी बंद करावी, विजेच्या कळींना हात न लावतां बाहेर पडावें आणि बाहेरूनच कंपनीच्या माणसास बोलवावें. रबरी नळीच्या सांध्यांची एरवींची तपासणी साबणाच्या फेसानें करावी, काडी ओढून कदापि नाहीं. विजेच्या फळीच्या आंतलें काम जाणत्याचें. ‘हें माझ्यानें होणार नाहीं’ हें वेळेवर ओळखणें, हेंही हत्यार चालवितां येण्यांतच मोडतें. ज्यानें कधीं हत्यार धरलेलेंच नाहीं, त्याला ही सीमारेषा दिसत नाहीं. तो एक तर सगळ्याला भितो, नाहींतर कशालाच भीत नाहीं.

आणि शेवटची गोष्ट पेटीच्या जागेची. पेटीला कुलूप नसावें. घरांतील कर्त्या पुरुषाच्या टेबलाखालीं ती नसावी. सर्वांच्या हाताशीं, ठरलेल्या जागीं असावी, आणि काम झालें कीं हत्यार पुसून तेथेंच परत जावें. पुरुष कचेरींत असतांना नळ फुटणार नाहीं, असा कांहीं नियम नाहीं. त्या रात्रीं घरांतल्या सहा माणसांत तोटीविषयीं ठाऊक होतें तें एकट्या सूनबाईंना. त्यांच्या हातांत पाना असता, तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

मीं वाईच्या वाड्यांतली आजोबांची लांकडी पेटी पुण्याला नेऊन दिली. तिच्यांतील बहुतेक हत्यारें गंजून गेलीं होतीं. माझ्या आठवणींत ती पेटी वर्षांतून एकदां, खंडेनवमीला उघडे. हत्यारांना गंध-फूल वाहिलें जाई, आणि पेटी पुन्हां बंद होई. एक पितळी ओळंबा मात्र जशाचा तसा होता. तो तिच्यांतच ठेविला आणि बाकीचीं हत्यारें नवीं आणलीं. २०२४ च्या आश्विनांत खंडेनवमीस मी पुन्हां तेथें होतों. पेटी देव्हाऱ्यासमोर मांडली होती, आणि दहा वर्षांची नात फुलें घेऊन पुढें झाली. वहिनी काठी टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘आधीं घरांतल्या साऱ्या तोट्या एकदां फिरवून ये. मग फूल वाहा.’

नात पाना घेऊन गेली. एक तोटी थोडी जड जात होती. तिनें ती कोणास न बोलावतां सोडविली.